फाइल कुठे गेली? यादीला विचारा!

लग्नासाठी बिछायत केंद्रातून भांडी आणली की सोबत एक कागद येतो. पातेली किती, पराती किती, झारे किती, तांबे किती. लग्न उरकलं की त्याच कागदावर टिक करत एकेक नग परत मोजला जातो. कॉम्प्युटरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम बसते, एखादं सॉफ्टवेअर येतं, तेव्हाही असाच कागद लागतो. साध्या उबुंटूच्या मशीनवर लाखाच्या वर फायली सहज असतात. कोणती फाइल कोणी आणली, कुठे ठेवली आणि सॉफ्टवेअर काढताना नेमक्या कोणत्या फायली उचलायच्या, हे सगळं एका यादीत लिहिलेलं असतं. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याच्या एखाद्या शाळेत जुन्या मशीनवर लिनक्स टाकलेलं असेल, तर त्याच्याही पोटात ही यादी आहे. ती उघडून बघायला पासवर्डसुद्धा लागत नाही. आणि तिच्यात मराठीही भेटते, मोडीही भेटते!

पहिली ओळ : तिरकी रेघ आणि टिंब

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांमध्ये ‘व्हार’, त्यात ‘लिब’, त्यात ‘डीपीकेजी’, त्यात ‘इन्फो’ अशा फोल्डरमध्ये जा. प्रत्येक पॅकेजच्या, म्हणजे एकत्र बांधून आलेल्या सॉफ्टवेअरच्या, नावाने एक ‘डॉट लिस्ट’ फाइल दिसेल. कोणतीही उघडा, पहिली ओळ ठरलेली : एक तिरकी रेघ आणि एक टिंब. याचा अर्थ मूळ फोल्डर, जिथून सगळं सुरू होतं.

लोहित देवनागरी या फॉन्टचं पॅकेज बसवलं असेल तर त्याची यादी वाचून बघा. रेघ-टिंबानंतर एका ओळीवर ‘यूएसआर’ येतं. पुढच्या ओळीवर ‘यूएसआर’मधलं ‘शेअर’, त्याच्या पुढे ‘शेअर’मधलं ‘फॉन्ट्स’, मग ‘ट्रूटाइप’, मग ‘लोहित-देवनागरी’, आणि या वाटेच्या शेवटी खरी वस्तू : ‘लोहित-देवनागरी डॉट टीटीएफ’. प्रत्येक फोल्डरला स्वतःची वेगळी ओळ. शिवाय यादीत ‘कॉपीराइट’ नावाची फाइल दिसते, कारण डेबियनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पॅकेजने आपला परवाना सोबत आणायलाच हवा. कोणाचं काम, कोणत्या अटींवर वापरायचं, हे लिहिल्याशिवाय प्रवेश नाही. मला हा नियम फार आवडतो.

या फॉन्टचं मूळ पुण्यात आहे. लोहितची अक्षरं घडवली ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे ज्यांची श्री-लिपी महाराष्ट्रातल्या डीटीपी सेंटरवाल्यांच्या बोटांत बसलेली आहे त्यांनीच. रेड हॅट या लिनक्स कंपनीने ती २००४ साली खुल्या परवान्याखाली जगाला दिली. मराठीत ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं, म्हणून डेबियनमध्ये लोहित मराठीचं स्वतंत्र पॅकेजही आहे.

डब्याच्या आत तीन डबे

डेबियनचं पॅकेज येतं ती ‘डॉट डेब’ फाइल फोडली की आत तीनच गोष्टी निघतात. एकीत माहिती, एकीत प्रत्यक्ष फायली आणि एक इवलीशी फाइल, जिच्यात फक्त ‘२.०’ एवढंच लिहिलेलं असतं. ओळ संपल्याची खूण धरून एकूण ४ बाइट! हा झाला पॅकेजच्या साच्याचा आवृत्ती क्रमांक. डेबियनचा प्रकल्प १९९३ साली इयन मर्डॉक यांनी जाहीर केला. नावात त्यांचं स्वतःचं आणि डेब्रा या त्यांच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं नाव जोडलेलं आहे.

माहितीच्या भागात आणखी एक छोटी यादी असते : सेटिंगच्या फायलींची. तुम्ही एखादी सेटिंग हाताने बदललेली असेल आणि पॅकेजची नवी आवृत्ती तीच फाइल वेगळी करून घेऊन आली, तर डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, थांबतं आणि विचारतं की तुमची ठेवू की नवी घेऊ? काहीच न लिहिता नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते.

आणि दोन पॅकेजांनी एकाच फाइलवर हक्क सांगितला तर? डीपीकेजी दुसऱ्याला दारातच अडवतं आणि ती फाइल आधीपासून कोणाची आहे, ते नाव घेऊन सांगतं.

ठिपके आले म्हणजे सगळं ठीक

रेड हॅट आणि फेडोराच्या घराण्यात आरपीएम चालतं, १९९५ पासून. त्याच्या यादीत नावासोबत फाइलचा आकार, तारीख, मालक आणि मजकुरावरून काढलेला चेकसम, सगळं नोंदलेलं असतं. पडताळणीचा हुकूम दिला की ज्या फायलीत काही फरक पडला आहे त्याच समोर येतात, प्रत्येकीच्या आधी अक्षरांची एक छोटी रांग घेऊन. आकार बदलला असेल तर तिथे एस, वेळ बदलली तर टी, मजकूर बदलला तर ५ हा आकडा. जिथे सगळं जुळतं तिथे नुसता ठिपका. आकडा ५ का? सुरुवातीला चेकसम एमडी-५ पद्धतीचा असायचा. ती पद्धत मागे पडली, त्याहून मजबूत पद्धती आल्या, ५ मात्र आपल्या जागी ठाम आहे.

आपला संगणक कोणी उघडून आतलं काही बदललं का, अशी शंका आली तर ही ठिपक्यांची रांग मोठ्या कामाची आहे.

यादी नसली की काय होतं

आता जरा धडकी भरवणारे किस्से. ही यादी कशासाठी, ते यांच्याइतकं चांगलं कोणी सांगू शकणार नाही.

१९९८ च्या शेवटी बंजी या अमेरिकन कंपनीचा ‘मिथ २’ हा गेम बाजारात आला. गेम काढून टाकायची वेळ आली की त्याचा अनइन्स्टॉलर ‘मी आणलेल्या फायली कोणत्या’ हे बघतच नव्हता. ज्या फोल्डरमध्ये गेम बसवला तो आख्खा फोल्डर साफ! आता कोणी गेम थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी बसवला असेल तर? पूर्ण ड्राइव्हच गेला. कंपनीने विक्रीसाठी गेलेल्या प्रती परत मागवल्या.

२००१ साली ॲपलच्या आयट्यून्स २ च्या इन्स्टॉलरने असाच घोळ घातला. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती, त्यांच्यापैकी काहींचा डिस्कवरचा डेटा पुसला गेला. कंपनीने दुरुस्त केलेली प्रत तातडीने दिली.

२००७ च्या डिसेंबरमध्ये आइसलँडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या गेमचा नवा पॅच आला. गेमच्या फोल्डरमध्ये ‘बूट डॉट आयएनआय’ नावाची एक फाइल होती, ती काढायची होती. काढायच्या यादीत नावाआधी एक तिरकी रेघ जास्तीची पडली. त्या रेघेने अर्थच बदलला : गेमच्या फोल्डरमधली नव्हे, तर सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेली त्याच नावाची फाइल. विंडोज एक्सपी सुरू होताना हीच फाइल वाचायचं. गेमचा पॅच टाकला, मशीन बंद करून चालू केलं आणि विंडोज उठलंच नाही!

सर्वांत गाजलेला किस्सा २०११ चा. लॅपटॉपमधल्या एनव्हिडियाच्या ग्राफिक्ससाठी ‘बंबलबी’ नावाचं एक छोटं खुलं सॉफ्टवेअर होतं. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक जुना फोल्डर पुसायची ओळ होती. त्या ओळीत ‘यूएसआर’ या शब्दानंतर चुकून एक स्पेस पडली. एकाच पत्त्याचे दोन पत्ते झाले, आणि पहिला पत्ता होता आख्खा ‘यूएसआर’ फोल्डर, जिथे लिनक्सची जवळपास सगळी सॉफ्टवेअर राहतात. एका स्पेसने कितीतरी लोकांच्या सिस्टिमचा पाया पुसला.

पॅकेज मॅनेजर असं वागत नाही. तो आपल्या यादीतली एकेक फाइल नाव घेऊन काढतो, आणि फोल्डर काढतो तो फक्त रिकामा असेल तर. आत तुमची एखादी फाइल राहिली असेल तर ‘फोल्डर रिकामा नाही, म्हणून ठेवला’ असं सांगून पुढे जातो. म्हणून माझं स्पष्ट मत : जे सॉफ्टवेअर पॅकेज म्हणून, यादीसकट मिळतं, ते तसंच घ्यावं. कुठून तरी उतरवलेली स्क्रिप्ट ॲडमिनच्या हक्काने चालवू नये, मग ती देणारा कितीही ओळखीचा असो.

गेलेल्या फाइलचंही नाव राहतं

नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची शिस्त बघण्यासारखी आहे. तिच्या मूळ कोडमध्येच ‘लिस्ट्स’ नावाचा फोल्डर आहे. साध्या मजकुराच्या याद्या, प्रत्येक ओळीत फाइलचा पत्ता, ती कोणत्या गटात मोडते आणि लागलीच तर एखादी खूण. सिस्टिम तयार झाली की यादी आणि प्रत्यक्ष फायली समोरासमोर ठेवून तपासतात. यादीत नसलेली एखादी फाइल जास्त निघाली तरी काम थांबतं, यादीतली एखादी कमी पडली तरी थांबतं.

एखादी फाइल नव्या आवृत्तीत नको झाली तर तिची ओळ खोडत नाहीत, तिच्यापुढे ‘ऑब्सोलीट’ अशी खूण करतात. जुनी सिस्टिम नवी करताना ती खूण वाचून जुन्या फायली नेमक्या उचलल्या जातात. ओळच खोडली असती तर त्या फायली लोकांच्या डिस्कवर बेवारस पडून राहिल्या असत्या.

एम-ट्री नावाची आणखी एक पद्धत बीएसडीच्या घराण्यातलीच, १९९० ची. तिच्यात फोल्डरच्या आख्ख्या झाडाची नोंद हक्क, मालक आणि चेकसमसह ठेवता येते. आज आर्च लिनक्सची पॅकेजंसुद्धा ती वापरतात.

एका अक्षरात सगळं

युनिक्सच्या वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅकेजचे साचे वेगळे. प्रत्येकासाठी वेगळी यादी कोण लिहीत बसणार? मायकेल स्वीट यांनी ‘ईपीएम’ नावाचं साधन त्यासाठीच केलं. यादी एकदाच लिहायची, त्यातून डेब, आरपीएम, सोलारिसचं पॅकेज, सगळं तयार. फाइलची प्रत्येक ओळ एका अक्षराने सुरू होते : साधी फाइल असेल तर एफ, फोल्डर असेल तर डी, सेटिंगची फाइल असेल तर सी, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी असेल तर एल. पुढे हक्क, मालक, गट, फाइल कुठे जायची आणि कुठून घ्यायची. बस्स.

स्वीट यांचं दुसरं काम तुम्ही नकळत वापरलं असण्याची शक्यता मोठी आहे. लिनक्स आणि मॅकवरून प्रिंट काढताना मागे राबणारं ‘कप्स’ त्यांचंच.

मॅकवर यादीच्या फाइलचं शेपूट ‘बॉम’ असतं. कारखान्यात एखादं यंत्र जोडायला कोणकोणते सुटे भाग लागतात, त्याच्या यादीला इंग्रजीत जे म्हणतात त्याचंच हे लघुरूप.

खिशातल्या फोनमध्येही

अँड्रॉइडचं ॲप म्हणजे ‘एपीके’. ती खरं तर झिप फाइल. कॉम्प्युटरवर घेऊन उघडली तर बहुतेकदा आत ‘मेटा-इन्फ’ फोल्डर आणि त्यात ‘मॅनिफेस्ट डॉट एमएफ’ सापडते. ॲपमधल्या फायली आणि प्रत्येकीचा चेकसम, ओळीने. आतलं एखादं चित्र जरी कोणी बदललं तरी चेकसम जुळत नाही आणि फोन ॲप घ्यायला नकार देतो. अँड्रॉइड ७ पासून आख्ख्या फाइलवर एकत्र सही करण्याची आणखी कडक पद्धत आली.

याद्यांमधली मराठी

आता आपल्या जिव्हाळ्याचं. ‘संगणकावर मराठी आहे’ म्हणजे कुठे आहे? या याद्यांमध्ये आहे. ओळी मोजून दाखवता येतील अशी.

विंडोज २००० च्या फायलींमध्ये ‘मंगल डॉट टीटीएफ’ आली आणि विंडोजवर युनिकोड देवनागरी सुरू झाली. तो फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. सुलेखनकार, कवी, अक्षरांवर आयुष्यभर प्रेम केलेला माणूस. सरकारी कचेऱ्यांत, ग्रामपंचायतीत, शाळेच्या दाखल्यांवर वर्षानुवर्षं दिसलेली ती अक्षरं त्यांची. पुढे विंडोज १० मध्ये मंगल नेहमीच्या यादीतून निघून पर्यायी यादीत गेला. म्हणून एका मशीनवर दोन पानांत बसलेला अर्ज दुसऱ्या मशीनवर तिसऱ्या पानावर सांडू शकतो : तिथे मंगल नसेल तर दुसरा फॉन्ट त्याची जागा घेतो. उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घालून घ्या.

डेबियन बसवतानाच मराठी निवडता येऊ लागली ती १४ फेब्रुवारी २००९ ला आलेल्या ‘लेनी’ आवृत्तीपासून. त्या वेळी इन्स्टॉलर ६३ भाषांत होता आणि नव्याने आलेल्या पाच भाषांत मराठी होती. मात्र ६३ पैकी १३ भाषा फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये चालायच्या, कारण त्यांची अक्षरं साध्या टेक्स्ट स्क्रीनवर उमटत नाहीत. त्या १३ मध्येही आपण होतो.

लिनक्सला भाषांची ओळख करून देणाऱ्या ‘लोकेल’च्या यादीत मराठीची एकच ओळ आहे : ‘एमआर’, खालची रेघ, ‘आयएन’, आणि पुढे ‘यूटीएफ-८’. यादी इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली असल्यामुळे शेजारी गमतीचे मिळालेत. आधी मणिपुरी आणि म्यानमारची मोन भाषा, नंतर मलेशियाची मलय. कोकणीची ओळही याच यादीत आहे. डेबियनवर या ओळीआधी एक हॅश चिन्ह असतं. ते पुसायचं, एक हुकूम द्यायचा आणि भाषा मराठी निवडायची, की वार आणि महिने मराठीत.

टाइप करण्यासाठीच्या याद्यांत इनस्क्रिप्ट आहे, आयट्रान्स आहे आणि गमभनही आहे. एक मराठी कळफलक तर बंगळुरूच्या कन्नड गणक परिषदेच्या पद्धतीवर बेतलेला आहे. छापील कागदावरची मराठी वाचून तिचा टाइप केलेला मजकूर करणारं पॅकेजही आहे. टेसरॅक्टची ‘एमएआर डॉट ट्रेन्डडेटा’ ही फाइल त्यात येते. जुन्या पुस्तकांचं काम करणाऱ्यांनी ती जरूर वापरून बघावी.

मुंबई मात्र एका यादीत नाही. वेळेच्या पॅकेजात आपल्या देशासाठी ‘आशिया’मधलं ‘कोलकाता’ आहे, जोडीला पूर्वी ‘कलकत्ता’ही असायचं. मुंबईने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सांभाळली, तरी तिच्या नावाची फाइल नाही.

चारठाणा = २१ बाइट

‘चारठाणा’ या नावाची फाइल केली तर तिचं नाव किती जागा खातं? च, काना, र, ठ, काना, ण, काना : ७ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे २१ बाइट. इंग्रजीत लिहिलं तर ९ अक्षरं, ९ बाइट. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं, कानामात्रा आणि हलन्त धरून. ‘चारठाणा ग्रामपंचायत कार्यालय मासिक सभेचा वृत्तांत’ आरामात बसतं, पण आख्खं परिपत्रक नावात कोंबू नका. डेब पॅकेजच्या आत असलेल्या टार फाइलचा जुना साचा तर आणखी चिकट : नावासाठी १०० बाइट, म्हणजे ३३ चिन्हं. नंतरच्या साच्यांनी ती अडचण सोडवली.

मोडीत नाव दिलं तर? मोडीचं प्रत्येक चिन्ह ४ बाइटचं, म्हणून २५५ बाइटमध्ये ६३ चिन्हं. हो, मोडीत फाइलचं नाव देता येतं! २०१४ साली आलेल्या युनिकोड ७.० मध्ये मोडीचा समावेश झाला, आणि डेबियनच्या नोटो फॉन्टच्या पॅकेजाच्या यादीत ‘नोटो सॅन्स मोडी’ची फाइल आहे. अनेकांच्या मशीनवर ती आधीच येऊन बसलेली आहे, कोणी उघडून बघितलेलं नाही एवढंच.

चारठाण्याची यादवकालीन मंदिरं आपण हेमाडपंती म्हणून ओळखतो. ज्याच्या नावाने ती ओळखली जातात तो हेमाद्री महादेव आणि रामचंद्र यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख होता. मोडीचं श्रेयही परंपरा त्यालाच देते. त्या मंदिरांच्या गावातल्या शाळेच्या लॅबमध्ये मुलांनी मोडीत गावाचं नाव टाइप करावं, यासाठी नवं काही विकत घ्यायची गरज नाही.

एवढं करून बघा

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये डीपीकेजी लिहा, पुढे उणे चिन्ह आणि इंग्रजी मोठा एल, मग एखाद्या पॅकेजचं नाव. त्याने आणलेल्या सगळ्या फायली समोर येतील. मोठ्या एलऐवजी मोठा एस द्या आणि फाइलचं नाव लिहा, ती फाइल कोणत्या पॅकेजची आहे ते कळेल. यातल्या कशानेही मशीनचं काही बिघडत नाही, मुलांना निर्धास्त करू द्या.

आणि हे करताना एखाद्या सॉफ्टवेअरच्या यादीत मराठी दिसली नाही, किंवा मेनूतलं मराठी वाकडं वाटलं, तर तिथे थांबू नका. लिबरऑफिस, फेडोरा आणि डेबियनचा इन्स्टॉलर यांची भाषांतरं वेबलेट या खुल्या व्यवस्थेत होतात. प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, चांगली मराठी यावी लागते. चारठाण्यात, जिंतुरात, परभणीत ती येणारे भरपूर आहेत. त्यातल्या दोघा-चौघांनी मनावर घेतलं तरी पुढच्या आवृत्तीच्या यादीत त्यांनी लिहिलेली मराठी असेल.